वांगी रंगाची बग्गी

बेंगळुरातल्या येलहंक्यात ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते, ते घरमालक सगळ्या जगाला अरेतुरे करत आणि घोड्याला मात्र अहोजाहो. घोड्याचं नाव दिवाणजी. रविवारी सकाळी बग्गी जुंपून झाली की ते घोड्यासमोर जाऊन उभे राहत आणि विचारत, "दिवाणजी, निघायचं काय?" घोड्याने कान हलवले तरच ते लगाम उचलत. नाही हलवले, तर अंगणातल्या कट्ट्यावर बसून राहत. असा एक अख्खा रविवार मी गॅलरीतून पाहिला आहे. घोडा उभा, बग्गी उभी, आणि लांब कोट घातलेला सत्तरीचा माणूस शांतपणे वाट बघत बसलेला. शेवटी त्यांनी साज उतरवला, खरारा केला आणि आत येऊन बायकोला सांगितलं, "आज त्यांची इच्छा नाही."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "घोड्याला त्यांची, आणि मला अगं."

त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि बायकोला अक्का. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मला सुरुवातीला ही दोघं भाऊबहीणच वाटली होती. भाजीवाली, इस्त्रीवाला, शेजारपाजार, सगळ्यांच्या तोंडी अण्णा-अक्का. मग मीही तेच म्हणू लागले.

अण्णांचं घराणं बेंगळुरातलं जुनं मराठी. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. चामराजपेटेत कापडाचं मोठं दुकान होतं. वडील गेल्यावर अण्णांनी ते धाकट्या भावाच्या हवाली केलं, आपला वाटा घेतला आणि येलहंक्यात, तिथे शेतं होती तेव्हा, भलामोठा प्लॉट घेऊन घर आणि तबेला बांधला. आधी तबेला, मग घर. बरोबरीच्या पैसेवाल्यांनी मोटारी घेतल्या, क्लबांचे सभासद झाले. यांनी एकामागून एक घोडे पाळले. दिवाणजी तिसरा. कमाईसाठी नाही, शर्यतीसाठी नाही. रविवारी फिरायला. "हौस आहे," एवढंच ते म्हणत, आणि पुढे काही विचारलं तर समोरच्याची हौस कोणती ते विचारत. माझ्यावर हा प्रश्न आला तेव्हा मी विषय बदलला.

भाडेकरू निवडायची त्यांची पद्धत याच बग्गीतून जायची. मी घर बघायला गेले तर म्हणाले, घर नंतर, आधी बस. दोन चाकांची, दोनच माणसांची गाडी, आणि मी मांडीवर लॅपटॉपची बॅग घेऊन या अनोळखी म्हाताऱ्याशेजारी बसलेली. आम्ही तळ्याच्या रस्त्याने निघालो. बॅगेत फोन वाजत राहिला. मी उचलला नाही, कारण दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता. अण्णांना वाटलं मुलगी सुसंस्कृत आहे. परत आल्यावर त्यांनी अक्कांना हाक मारून किल्ली द्यायला सांगितली. आधीचे दोन उमेदवार नापास झाले होते, हे मला नंतर कळलं. एकाने वाटभर स्वतःचा व्हिडिओ काढला. दुसऱ्याने विचारलं, हिला ॲव्हरेज काय पडतं.

रस्त्यावर अण्णांचा थाट बघण्यासारखा असे. वळायच्या आधी ते चाबूक आडवा धरून इशारा देत. मागून कुणी हॉर्न वाजवला की गाडी बाजूला घेत, टोपी काढत, आणि मोटारवाल्याला आधी जाऊ देत. तो ओशाळून पुढे जाई. चौकातला पोलीस त्यांना सलाम करी. कोपऱ्यावरच्या हॉटेलापाशी बग्गी थांबली की आतला माणूस न सांगता दोन कॉफी घेऊन बाहेर येई आणि दिवाणजींसाठी एक केळं.

दिवाणजींचंही एक वैशिष्ट्य होतं. हवाई दलाचा तळ जवळच असल्यामुळे डोक्यावरून विमानं जात. प्रात्यक्षिकांच्या दिवसांत तर लढाऊ विमानं इतक्या खालून जात की माझ्या खिडकीच्या काचा थरथरत आणि मी मीटिंगमध्ये बोलता बोलता थांबे. दिवाणजी कान हलवत नसत. पण वाऱ्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी दिसली की त्यांची गाळण उडे. मी हसले, तर अण्णांनी घोड्याची बाजू घेतली. "विमान आपल्या कामाला चाललंय. पिशवी कुठे चालली आहे, तिला तरी ठाऊक आहे काय?"

बग्गीला कुणी जटका म्हटलं तर अनेकांना वाटे अण्णा चिडतील. जटका म्हणजे बेंगळुरात पूर्वी भाड्याने मिळायचा तो टांगा. पण अण्णा चिडत नसत. एकदा एका गृहस्थाने दोन सुटकेसा घेऊन कन्नडमध्ये विचारलं, स्टेशनला येणार का. मी शेजारी बसले होते. अण्णांनी मला उतरवलं, त्याला बसवलं, आणि निघाले. स्टेशन लांब नव्हतं, पण अण्णांची चाल वरातीची. त्या गृहस्थाची गाडी सुटली. अण्णा त्याला परत घरी घेऊन आले. अक्कांनी त्याला बिसीबेळे भात वाढला, मागच्या खोलीत झोपू दिलं, आणि संध्याकाळच्या गाडीला त्याला रिक्षाने पाठवलं. रिक्षा अक्कांनी बोलावली. अण्णा परत बग्गी जुंपायला निघाले होते.

या सगळ्यात अक्का कधीच नसत. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण त्या बग्गीत बसल्या नव्हत्या. अण्णा दर रविवारी निघताना म्हणत, "येतेस काय? बस की." अक्का कन्नड वळणाने म्हणत, "सरी, बरं, पुढच्या वेळी." हे इतकं ठरलेलं होतं की त्यात विचारणंही नव्हतं आणि नकारही नव्हता. अक्का घोड्याला घाबरतात असं मला अण्णांनीच सांगितलं होतं. मी ते खरं मानलं, जरी दिवाणजींना रोज सकाळी गूळ आणि भिजवलेले हरभरे अक्काच नेऊन देत आणि तो घोडा त्यांच्या पदरात तोंड खुपसून उभा राही.

मग अण्णांनी बग्गीला नवा रंग लावून घेतला. रंगारी आला, नमुने दाखवले, अण्णांनी एक पसंत केला. काम झाल्यावर मला हाक मारून म्हणाले, "बघ. कॉफीचा रंग. भारदस्त."

बग्गी वांग्यासारखी जांभळी होती. चकचकीत, ताज्या वांग्यासारखी. मला वाटलं अण्णा थट्टा करताहेत. मी हसले. त्यांना माझं हसणं आवडलं नाही, आणि ते मुळीच थट्टा करत नव्हते.

त्याच सुमारास त्यांना एक आमंत्रण आलं. येलहंक्याच्या पुढे एका श्रीमंत गृहस्थाचा मळा होता. त्यालाही घोडागाड्यांचा शौक. परदेशातून मागवलेल्या गाड्या, गणवेशातले मोतद्दार. त्याने आपल्यासारख्या हौशी मंडळींसाठी एक स्पर्धा ठेवली होती. मैदानात प्लास्टिकच्या शंकूंच्या जोड्या मांडायच्या, प्रत्येक शंकूवर एक चेंडू. दोन शंकूंच्या मधून गाडी काढायची. चाक लागून चेंडू पडला तर दंड, वेळ जास्त लागला तरी दंड. गाडीत हाकणाऱ्याशेजारी एक सोबती हवाच, असा नियम. अण्णांनी आयुष्यात कधी स्पर्धेत भाग घेतला नव्हता. पण या वेळी ते तापले. मला वाटतं त्या गृहस्थाने फोनवर घोड्याच्या वयाबद्दल काहीतरी म्हटलं असावं. सोबती म्हणून त्यांनी मला धरलं.

सराव घरामागच्या मोकळ्या जागेत सुरू झाला. रंगाचे रिकामे डबे मांडून आम्ही त्यांच्यामधून बग्गी काढू लागलो. पहिल्याच दिवशी डबे उडाले. अण्णा म्हणाले, दिवाणजींचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवाणजी बिचारे जिकडे लगाम वळेल तिकडे वळत होते, आणि लगाम सरळ डब्यांवर वळत होता. मी ओरडले की अण्णा सावरत. मी गप्प राहिले की डबा उडे. मग मी मुद्दाम एक डबा उचलून बाजूला ठेवला आणि त्यांना विचारलं, अण्णा, डबे किती आहेत समोर? ते बराच वेळ समोर बघत राहिले.

"दिसतात की," ते म्हणाले. "स्वल्प धुकं आहे एवढंच."

धुकं नव्हतं. सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. चेहरा दिसतो का, विचारलं. ते म्हणाले, आवाज ओळखतो ना तुझा, मग झालं. हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरापासून नजर कमी होत होती. मोतीबिंदू असणार हे त्यांनाही कळत होतं, पण डोळ्याला सुई लागणार या विचाराने ते डॉक्टरकडे जायचं टाळत होते. म्हणाले, दिवाणजी तळ्याचा रस्ता जाणतात, तेच नेतात, तेच आणतात. मी घाबरले. आता मोठ्या रस्त्यावर बग्गी न्यायची नाही, असं मी त्यांना बजावलं, आणि ते त्यांनी निमूट मान्य केलं. पण स्पर्धा मैदानात होती. तिथे ना मोटारी, ना माणसं. तेवढी होऊ दे, मग डॉक्टरकडे जातो, म्हणाले. आणि अक्काला सांगू नकोस.

मी म्हटलं, ठीक आहे. मी शेजारी बसून डावं-उजवं सांगेन. आम्ही तसा सराव केला. मी सांगायची आणि ते ऐकायचे, पण मला घोडागाडीचं काय कळतं? मी सांगेपर्यंत वळायची वेळ निघून जाई. डबे उडतच राहिले.

स्पर्धेच्या दिवशी मळ्यावर मोठी जत्राच होती. तंबू, खुर्च्या, हॅट घातलेल्या बायका, काचेसारख्या चमकणाऱ्या गाड्या. आमची वांगी रंगाची बग्गी टेम्पोवरून उतरवून जुंपली तेव्हा लोकांनी माना वळवून पाहिलं. अण्णा मैसूरी फेटा बांधून ताठ बसले होते. यजमान पुढे आले आणि म्हणाले, वा, रंग फार धीट निवडलात. अण्णांना ते कौतुक वाटलं.

आणि त्या दिवशी अक्काही आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. टॅक्सी करून आमच्या मागोमाग आल्या आणि कडेला खुर्चीवर बसल्या. हातात डब्याची पिशवी. अण्णांना त्या आल्याचं दिसलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आमचा क्रमांक पुकारला. अण्णा आधीच बग्गीत चढून बसले होते. मी पायरीवर पाय ठेवला तर मागून कुणीतरी माझा दंड धरला. अक्का होत्या. पिशवी माझ्या हातात देऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू उतर. मी बसते."

मी गोंधळून काहीतरी पुटपुटले. अक्का, त्यांना, म्हणजे अण्णांना...

"दिसत नाही. मला ठाऊक नाही होय? महिनाभर झाला, दोरीवर वाळत घातलेल्या साडीशी बोलतात. आणि तिच्याशी माझ्यापेक्षा गोड बोलतात."

पदर खोचून त्या चढल्या. इतक्या सहज की मी बघतच राहिले. अण्णांना वाटलं मीच आहे. म्हणाले, पुणेकर, घट्ट धर. अक्का म्हणाल्या, "तुम्ही लगाम नीट धरा."

अण्णांनी मान वळवली. मी पायरीशीच उभी होते, म्हणून त्यांचा चेहरा मला जवळून दिसला. चाळीस वर्षं ज्या जागेवर अक्का कधी बसल्या नव्हत्या, तिथून आज अक्कांचा आवाज आला होता. ते काही बोलणार तेवढ्यात घंटा झाली.

पहिल्या जोडीत दोन्ही चेंडू पडले. अण्णा अजून बायकोकडेच बघत होते. त्यानंतर मात्र अक्कांचा आवाज मैदानभर ऐकू येऊ लागला. डावा ओढा, सोडा, आता उजवा, सरळ, सरळ, सोडा. माझ्यासारखं जोडी समोर आल्यावर नाही. आधीपासून, घोड्याचं पाऊल ओळखून. चाकं शंकूंच्या मधून अशी जात होती जणू रुळांवरून. एकही चेंडू हलला नाही. यजमान खुर्चीवरून उठून उभे राहिले. शेवटची जोडी संपली आणि पुढे सरळ मोकळी धाव होती, तेव्हा अक्कांनी नुसती जीभ टाळूला लावून आवाज केला. दिवाणजींनी कान टवकारले आणि ते दौडू लागले. मी त्यांना त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. अण्णांचा फेटा उडाला. तो उचलायला मोतद्दार धावले.

पहिल्या दोन चेंडूंमुळे बक्षीस गेलं. कुणालाच वाईट वाटलं नाही. बग्गी थांबल्यावर लोक भोवती जमले, पण ही दोघं खाली उतरेनात. अण्णा विचारत होते, तुला हे कुठून येतं. अक्कांनी सांगितलं ते मी ऐकलं, कारण लगाम धरायला मीच पुढे गेले होते. त्यांचं माहेर बेळगावकडचं. वडिलांचा स्वतःचा टांगा होता आणि लग्नाआधी रोज सकाळी शेतावर तो अक्काच हाकत नेत.

"मग इतकी वर्षं बसली का नाहीस?"

"तुम्ही बस म्हणालात. हाक असं कधी म्हणाला नाहीत."

अण्णा खाली उतरले आणि त्यांनी अक्कांना उतरायला हात दिला. बग्गी टेम्पोवर चढवली, दिवाणजींना घोडे न्यायच्या गाडीत, आणि आम्ही तिघं टॅक्सीत. अक्कांनी डबा उघडून आम्हा दोघांना पुऱ्या दिल्या आणि सोमवारी डॉक्टरकडे जायचं असं सांगितलं. अण्णा म्हणाले, दिवाणजींना कोण फिरवणार? मग त्यांचं त्यांनाच उत्तर कळलं आणि त्यांनी पुरी तोंडात घातली.

ऑपरेशन झालं. आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. सुईच्या भीतीने ते इतके गळाठले होते की दवाखान्यात अक्कांनी त्यांचा एक हात धरला आणि मी दुसरा. प्रत्यक्षात, कधी झालं ते कळलंच नाही, असं ते बाहेर आल्यावर सगळ्यांना सांगत सुटले. वेटिंगमधल्या अनोळखी लोकांनाही धीर देऊ लागले.

काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी ते थेट तबेल्यात गेले. आम्ही मागे. त्यांनी दिवाणजींना आपादमस्तक पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या झालेल्या भुवयांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हातारे झालात की." मग त्यांची नजर बग्गीकडे गेली.

"हा रंग कुठल्या गाढवाने पसंत केला?"

"तुम्ही," अक्का म्हणाल्या.

ते बग्गीभोवती एक फेरी मारून आले. यजमानांचं वाक्य त्यांना आठवलं असावं, कारण ते एकदम खो खो हसायला लागले आणि कट्ट्यावर बसून डोळे पुसू लागले. डोळे चोळू नका म्हणून अक्का ओरडल्या. रंग बदलायचा विषय नंतर कुणी काढला नाही.

डॉक्टरांनी धूळ आणि धक्के बरेच दिवस टाळायला सांगितले होते. त्या काळात रविवारची फेरी अक्का करत. सुरुवातीला तळ्यापर्यंत, मग हॉटेलापर्यंत. अण्णा फाटकापाशी उभे राहून सूचना देत आणि अक्का दूर जाईपर्यंत हो हो म्हणत. अक्कांची चाल वरातीची नव्हती. कॉफी निवायच्या आत त्या परत येत. चौकातला पोलीस मला एकदा म्हणाला, अण्णा आजारी आहेत की घोडा बरा झाला?

पुढे माझं लग्न झालं आणि मी राजाजीनगरला राहायला गेले. येलहंका शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोन होत, जाणं होत नसे. मागच्या थंडीत एका रविवारी मी नवऱ्याला घेऊन न कळवता गेले. गल्लीच्या तोंडाशीच बग्गी समोरून आली. लगाम अक्कांच्या हातात. अण्णा शेजारी, लांब कोटात, हात मोकळे मांडीवर ठेवून. दोन्ही डोळे आता उत्तम होते, हे मला माहीत होतं. रोजचा पेपर ते स्वतः वाचत असत.

मला बघून बग्गी थांबली. विचारपूस झाली, नवऱ्याची ओळख झाली. मी अण्णांना विचारलं, आता तर दिसतं, मग लगाम परत घेतला नाहीत?

अण्णांनी थोडा विचार केला. "हाकताना घोड्याचे कान तेवढे दिसतात," ते म्हणाले. "इकडे बसल्यावर बाकीचं दिसतं." बाकीचं म्हणताना ते तळ्याकडे बघत नव्हते, झाडांकडेही नाही.

अक्कांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "पाय आत घ्या," आणि जिभेने तो आवाज केला.

धुरळा खाली बसेपर्यंत माझा नवरा रस्त्यात उभा होता. मग त्याने मला विचारलं, बग्गीचा रंग असा का आहे.